बांगड्यावर वेलची

विष्णुपंत खांबेट्यांनी आपला मेंदू वाचवायचा निर्णय घेतला तो एका रविवारी सकाळी, अर्ध्या गालाला दाढीचा साबण लागलेला असताना. उरलेल्या अर्ध्या गालाला लागला नव्हता, कारण ब्रश कुठे ठेवला ते काही केल्या आठवेना. तो त्यांच्या डाव्या हातात होता. त्यांच्या पत्नी कुंदाताई दळणाचा डबा घेऊन दाराकडे निघाल्या होत्या. "हातात काय आहे?" एवढंच विचारून त्या चालत्या झाल्या. दुसरा कोणी असता तर स्वतःशी हसून दाढी उरकली असती. विष्णुपंत मात्र मोरीच्या उंबरठ्यावर मटकन खाली बसले.

त्याला तसंच कारण होतं. विष्णुपंतांचे वडील अनंतराव शेवटची काही वर्षं सगळं विसरून गेले होते. जेवलो की नाही, घर कुठलं, बायको आहे की गेली, काही म्हणजे काही आठवत नसे. विष्णुपंतांना ते पोस्टमास्तर समजायचे. मुलगा दारातून आत आला की लगबगीने उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "या मास्तर, बसा आपण. आमच्या विष्णूचं पत्र आलं का हो?" जन्मभर ज्याला 'गाढवा' म्हणून हाक मारली त्याला बापाने 'आपण' म्हणावं, हे विष्णुपंतांना फार लागलं होतं. असा आजार घराण्यात उतरतो म्हणतात. मग एक दिवस आपणही आपल्या एकुलत्या एका लेकीसमोर, राजसीसमोर, हात जोडून "बाई, आपण कोण?" असं विचारणार की काय, ही भीती त्यांच्या मनात घर करून होती. ब्रशाने फक्त तिला बाहेर काढलं.

त्याच दिवशी पेपरच्या पुरवणीत याच विषयावर अर्धं पान आलेलं. याला विष्णुपंत योगायोग मानायला तयार नव्हते. राजसी उल्हासनगरच्या कॉलेजात बायोटेक शिकत होती. तिने लेख वाचून बापाला नीट समजावलं. "बाबा, जीन म्हणजे नशीब नाही. काही जीन आजाराची शक्यता वाढवतात, एवढंच. खाणंपिणं, चालणं, बीपी, शुगर यांनी ती शक्यता थोडीफार कमी-जास्त होऊ शकते. पण छातीठोकपणे कोणीच काही सांगत नाही." एवढ्या मोठ्या उत्तरातलं विष्णुपंतांच्या कानात फक्त 'खाणंपिणं' शिरलं. खानदान बदलता येत नसलं तरी जेवण बदलता येतं, असा त्यांनी अर्थ काढला आणि उरलेल्या गालाला साबण लावला.

आता, विष्णुपंत हे अंबरनाथच्या एका कारखान्यात परचेस ऑफिसर होते. परचेसमधल्या माणसाला तीन कोटेशनं घेतल्याशिवाय टाचणीसुद्धा विकत घेता येत नाही, आणि ही सवय संध्याकाळी गेटवर जमा करून घरी येण्यातली नव्हे. कुंदाताईंना पाहायला गेले तेव्हासुद्धा ते तिसरं कोटेशन होतं, आणि स्पेसिफिकेशन सगळ्यात बरं निघाल्यामुळे ऑर्डर त्यांना मिळाली, असं स्टोअरचा सुदाम सगळ्या कारखान्याला सांगत असे. कुंदाताईंना हे ऐकून माहीत होतं. त्यांनी त्याबद्दल नवऱ्याला माफ केलेलं नव्हतं.

तर मेंदूसाठीही तीन कोटेशनं मागवण्यात आली. पहिलं फॅमिली डॉक्टरांचं. ते म्हणाले, रोज चाला, साखर-मीठ कमी करा, भाज्या खा, थोडे अक्रोड खा, चालत असतील तर मासे खा, आणि मुख्य म्हणजे काळजी करू नका. दुसरं कोटेशन शेजारच्या जयदेवचं. जयदेव हा सोसायटीचा सेक्रेटरी. स्वतःला न झालेल्या सर्व रोगांतला तो जाणकार होता. त्याने ब्राह्मीचा रस सांगितला, नाकात तूप सांगितलं, डाव्या हाताने दात घासायला सांगितलं, आणि अ‍ॅल्युमिनियमची भांडी घरातून हद्दपार करायला सांगितलं. "हे अ‍ॅल्युमिनियम डायरेक्ट वर चढतं, पंत. आमच्या मेव्हण्याला विचारा. म्हणजे, विचारून उपयोग नाही, त्याला काही आठवत नाही."

तिसरं कोटेशन उल्हासनगरच्या बाजारातल्या मुकेशशेठचं. विष्णुपंत अक्रोड घ्यायला गेले तेव्हा शेठने एक अक्रोड फोडून त्यांच्या नाकासमोर धरला. "साईं, बघा. अंदर क्या है? दिमाग! सेम टू सेम. ऊपरवाल्याने खुद सँपल दिलाय, अजून काय पाहिजे तुमाला? ये वाला घ्या, कागजी आहे. हाताने तुटतो. दुसरा घेतला तर दिमाग वाचेल, दात जाईल." सँपल पास झालं.

परचेसच्या नियमाप्रमाणे तीनपैकी एक निवडायचं असतं. विष्णुपंतांनी तिन्ही मंजूर केली, आणि तिथेच गाडं घसरलं.

कुंदाताईंचा लग्नातला कुकर माळ्यावर गेला. राजसी ओरडून सांगत होती की ते अ‍ॅल्युमिनियमचं काही सिद्ध झालेलं नाही, पण विष्णुपंत जोखीम घ्यायला तयार नव्हते. पितळेच्या पातेल्यातला भात बाहेरून लागायचा आणि आतून कच्चा राहायचा. डाव्या हाताने दात घासताना ब्रश नाकात जायचा, तिथे आधीच तूप असायचं. साखर बंद, चहा कोरा, संध्याकाळी पोळीऐवजी पालेभाजीचा डोंगर. आठ दिवसांत विष्णुपंतांचं पोट आत गेलं आणि लक्ष उडालं. उपाशी माणसाला दुसरं काय सुचणार? एका दुपारी त्यांनी बॉल बेअरिंगच्या ऑर्डरवर 'कागदी, सोललेले' असं लिहून सही ठोकली. सप्लायरचा फोन आला, "साहेब, बेअरिंग सोलून कशी देऊ?"

म्हणजे विसरू नये म्हणून सुरू केलेल्या उपायांनी विष्णुपंत विसरू लागले. यावर त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की रोग अपेक्षेपेक्षा लवकर आला, उपाय वाढवले पाहिजेत.

वाढवायचं ठरवून ते कारखान्याच्या कँटीनमध्ये बिनसाखरेचा चहा मागायला गेले. कँटीनचा चहा एकाच पातेल्यात, साखरेसकट उकळायचा. वेगळा हवा तर पर्सोनेल खात्याची परवानगी लागे. पर्सोनेलच्या साहेबांनी चष्मा वर केला.

"आजाराचा दाखला आणलात?"

"आजार झालेला नाही. होऊ नये म्हणून पाहिजे."

"न झालेल्या आजाराला सवलत नसते, खांबेटे. झाला की या."

"अहो, पण झाला की यायचं माझ्या लक्षात कसं राहील?"

विष्णुपंतांचा मुद्दा बिनतोड होता. पण बिनतोड मुद्द्याचं सरकारी कचेरीत जे होतं तेच खाजगी कारखान्यातही होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी पसरली की परचेसच्या खांबेट्यांचं डोकं कामातून गेलं. लोक त्यांच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलू लागले. वॉचमन संध्याकाळी स्वतः चालत येऊन त्यांची स्कूटर कुठली ते दाखवू लागला. एके दिवशी खुद्द जनरल मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावून मायेने विचारलं, "खांबेटे, मी कोण?"

"साहेब, आपण जनरल मॅनेजर."

"शाबास," साहेब म्हणाले, आणि त्यांनी विष्णुपंतांचा खांदा थोपटला. तीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी दिलेली ही पहिली शाबासकी. विष्णुपंत बाहेर येऊन बाकावर बसले आणि त्यांना अक्षरशः रडू फुटायचं बाकी राहिलं.

तिथे सुदाम आला. स्टोअरचा सुदाम आणि परचेसचे विष्णुपंत एकाच वर्षी नोकरीला लागलेले. विष्णुपंतांनी माल मागवायचा आणि सुदामने तो नाकारायचा, अशी दोघांची घट्ट मैत्री होती. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"पंत, एक सांग. डॉक्टरच्या कोटेशनमध्ये मासे होते?"

"होते."

"पेपरमध्ये?"

"होते. पण आम्ही सात पिढ्या शाकाहारी, सुदाम. आमच्या घराण्यात माशाला कोणी बोटसुद्धा लावलेलं नाही."

"मग तुला पालेभाजी मंजूर, तूप मंजूर, आणि जो आयटम दोन-दोन ठिकाणी कॉमन आला तोच गाळलास? कसली रे तुझी परचेस?"

विष्णुपंतांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबांना विस्मरण झालं. बाबांनी जन्मात मासा खाल्ला नाही. म्हणजे रक्त तेच असलं तरी ताट वेगळं ठेवता येईल! बाप आणि आपण यांच्यामध्ये एक भिंत हवी होती, ती भिंत समुद्रात पोहत होती. एवढी साधी गोष्ट कोणाला सुचली नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

त्याच शनिवारी अर्ध्या दिवसानंतर ते अंबरनाथच्या बुवापाड्यात सुदामच्या घरी पाटावर बसले. यशोधराबाईंनी बांगड्याचं तिखलं केलं होतं, वर दोन तळलेले. वाढताना त्या जरा बिचकत होत्या. "भावजी, नक्की ना? नंतर वहिनींनी मला बोल लावायला नको."

"औषध म्हणून घेतोय, वहिनी," विष्णुपंत गंभीरपणे म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून पहिला घास घेतला.

डोळे उघडले तेव्हा ताटात एक अखंड सांगाडा होता. शेपटीपासून डोक्यापर्यंत, एक काटा मोडलेला नाही. सुदाम घास हातात धरून बघत राहिला. "आयला, पंत. आमच्या सम्यकला दहावीपर्यंत मी काटे काढून देत होतो. तुला हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. आपोआप निघाला." विष्णुपंतांनाही आश्चर्य वाटत होतं. "वहिनी, औषध अजून एक मिळेल?"

निघताना मात्र त्यांना घाम फुटला. तोंडाला वास होता. घरी कुंदा होती. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून त्यांनी वेलची घेतली आणि चावत चावत स्कूटर हाकली. दारात कुंदाताई म्हणाल्या, "उशीर झाला," आणि आत गेल्या. काही विचारलं नाही. आपण किती हुशारीने निभावून नेलं याचा विष्णुपंतांना अभिमान वाटला.

वेलचीशी त्यांचं नातं जुनं होतं. लहानपणी ते अंबरनाथला राहायचे तेव्हा बाबा दर रविवारी बदलापूर गावात धाकट्या बहिणीला, बनूआत्याला, भेटायला जायचे. परतताना छोट्या विष्णूसाठी खिशातून एक वेलची काढून द्यायचे. आत्याची माया म्हणजे वेलचीचा वास, असं विष्णूच्या मनात कायमचं बसलं होतं.

औषधाचा गुण आला. पोट भरू लागलं तसं डोकं जागेवर आलं, बेअरिंग बिनसालीची येऊ लागली. विष्णुपंतांनी डोस वाढवला. यशोधराबाई आता डब्यात एक तळलेला बांगडा बांधून देत. तो स्कूटरच्या डिकीतून बदलापूरला घरी येई. संध्याकाळी लोडशेडिंग असायचं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काळोख झाला की विष्णुपंत स्कूटरला टेकून संध्याकाळचं औषध घेत आणि काटे क्रोटनच्या झुडपांमागे पुरत. हे सगळं गुप्त राहिलंही असतं. पण मांजरांना लोडशेडिंगचं काही सोयरसुतक नसतं. विष्णुपंतांची स्कूटर वळणावर दिसली की आधी एक, मग चार, मग अख्खी वस्ती शेपट्या उभारून गेटवर स्वागताला येऊ लागली.

जयदेवने सोसायटीची तातडीची मीटिंग बोलावली. विषय: जिन्याखाली येणारी दुर्गंधी. "हा मासळीचा वास आहे," जयदेव टेबलावर हात आपटून म्हणाला, "आणि कोणी ते खातं यावर माझा आक्षेप नाही, ज्याचं त्याचं पोट. पण काटे क्रोटनमध्ये का? याची चौकशी झाली पाहिजे, आणि ज्याच्यावर कोणाचा संशय जाणार नाही अशा माणसाने ती केली पाहिजे." सगळ्यांच्या माना एकदम विष्णुपंतांकडे वळल्या. ठराव एकमताने पास झाला.

स्वतःचीच चौकशी करणं सोपं नसतं. विष्णुपंतांनी ती निःपक्षपातीपणे केली, म्हणजे तीन जबाब घेतले, मांजरांची पाहणी केली आणि अहवाल दिला की वास गटाराचा आहे. जयदेवने तो अहवाल नगरपालिकेला पाठवला. आश्चर्य म्हणजे नगरपालिकेची माणसं आली. त्यांनी गेटसमोर खणलं. गटार अगदी निर्मळ निघालं. मग ती माणसं जाऊ लागली. खड्डा कोण बुजवणार असं विचारल्यावर मुकादम म्हणाला, "आमचं काम खोदायचं. भरायचं खातं वेगळं. अर्ज करा, येतील." ते आले नाहीत. खड्ड्यावर फळी टाकण्यात आली. फळीवरून जाताना जयदेवची नवी चप्पल आत पडली, ती काढायला तो वाकला, आणि पुढचं सांगायला नको. विष्णुपंतांनी त्याला स्वतः हात देऊन वर ओढलं. त्या उपकाराबद्दल जयदेवने त्यांचे डोळ्यांत पाणी आणून आभार मानले. त्या रात्री विष्णुपंतांना औषधाचा घास गोड लागला नाही.

आणि मग एका संध्याकाळी महावितरणने दगा दिला. लाइट वेळेआधी आले. पार्किंगच्या झगझगीत ट्यूबखाली विष्णुपंत उभे होते, एका हातात सांगाडा, भोवती मांजरांची सभा, आणि समोर क्लासहून आलेली राजसी.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "गटार तुम्ही आहात?"

विष्णुपंतांनी तिला सगळं सांगितलं. ब्रश, पोस्टमास्तर, भिंत. "राजू, मला तुला 'आपण' म्हणायचं नाहीये गं." राजसी हसत होती ती थांबली. तिने बापाच्या हातातला सांगाडा घेतला, मांजरांना टाकला आणि रुमाल पुढे केला.

"माशाचं म्हणाल तर थोडंफार तथ्य आहे," ती जिना चढताना म्हणाली. "पण त्यातही भानगड आहे. काही अभ्यासांत असं दिसतंय की तो अमुक जीन ज्यांच्यात नाही त्यांनाच माशाचा फायदा होतो. ज्यांच्यात आहे त्यांना फारसा नाही. काही अभ्यास निराळंच सांगतात. एका घरावरून काही ठरत नाही."

"आपल्या घरावरून ठरतं," विष्णुपंत हट्टाने म्हणाले. "बाबांनी मासा खाल्ला नाही, ते विसरले. बनूआत्याने खाल्ला नाही, तीही आता विसरायला लागली. मी खातोय." आणि बोलता बोलता ते पायरीवर थबकले. आपण एकट्याने तरून जायचं आणि सख्ख्या आत्याला बुडू द्यायचं? हे त्यांच्या तत्त्वात बसेना.

रविवारी सकाळी यशोधराबाईंच्या हातचा डबा डिकीत आणि राजसीला स्कूटरवर मागे घेऊन विष्णुपंत निघाले. "आत्याला भेटून येतो," त्यांनी कुंदाताईंना सांगितलं. कुंदाताई पीठ मळता मळता थांबल्या, त्यांनी एकदा नवऱ्याकडे नीट बघितलं, आणि "बरं" म्हणाल्या.

बदलापूर गावात नदीच्या अंगाला आत्याचं दोन खोल्यांचं घर होतं. तिचा मुलगा दुबईला, सून त्याच्याबरोबर. शेजारच्या सगुणाबाई तिला सांभाळायच्या. आत्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून वाल सोलत होती. दाणे टरफलांत टाकत होती आणि टरफलं दाण्यांत. विष्णुपंत समोर वाकले तशी ती सावरून बसली आणि अदबीने म्हणाली, "बसा आपण. कोणाकडे आलात?"

तेच 'आपण'. विष्णुपंतांनी डबा सगुणाबाईंच्या हातात दिला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"यो बांगडा कशाला आनलाव? आत्याबायला समिंदराचा नाय चालत. नदीचाच लागतं तिला."

"काय लागतं?"

"म्हावरा. आज पन शिजवलाय."

विष्णुपंतांनी भिंतीचा आधार घेतला. "आत्या मासे खाते?"

"जल्मभर खाल्लान," सगुणाबाई म्हणाल्या. "न तुमचा बापूस पन. दर ऐतवारी आमचे पडवीन बसाचा, माजे आयशीचे हातचा खावाला. ही बाय दारान उबी राहून राखन कराची, कोन येतं का बगाला. मी यवरीशी व्हते. काटा असा काराचा तुमचा बापूस, आखा! आमची कोली मानसा बी बगत राहाची."

राजसीने ओढणी तोंडाला लावली. विष्णुपंत मात्र खरोखर हादरले होते. सात पिढ्यांचं सोडा, एक पिढीसुद्धा टिकली नाही. बाबा जन्मभर मासे खात होते आणि तरी सगळं विसरले. म्हणजे ती भिंत कधी नव्हतीच. बाप आणि आपण एकाच वाटेवर, एकच ताट घेऊन चाललो होतो.

"राजू," ते हळूच म्हणाले, "संपलं मग."

"काही संपलं नाही. कदाचित माशामुळेच आजोबांना उशिरा झालं असेल. कदाचित माशाचा काही संबंध नसेल. तुमच्यात तो जीन आलाय की नाही हेही माहीत नाही. आला असला तरी होईलच असं नाही. बाबा, खरंच कोणाला माहीत नाही." तिने त्यांचा हात धरला. "काटे काढायचं तेवढं नक्की आलंय."

सगुणाबाईंनी पानं वाढली. नदीचा मासा, तांदळाची भाकरी. नको म्हणायचं बळही उरलं नव्हतं म्हणून विष्णुपंत जेवायला बसले. मासा काट्यांनी भरलेला होता. त्यांची बोटं आपली आपण चालू लागली. वरून अलगद दाब, मग शेपटीकडून उचल, आणि सांगाडा उठून बाजूला. आत्याच्या हातातला वाल तसाच राहिला. ती बघत होती. मग खुर्चीतून उठली, तुरुतुरु दाराशी गेली, बाहेर डोकावून आली आणि विष्णुपंतांच्या कानाशी वाकली.

"अनंता, सावकाश खा रे. कोणी येत नाहीये. मी आहे ना."

विष्णुपंतांनी हातातला घास खाली ठेवला. मी अनंता नाही, मी विष्णू, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण आत्याच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी उजेड आला होता. ते म्हणाले, "हो, बनू. सावकाश खातो."

हात धुतल्यावर आत्याने पदराची गाठ सोडली. आत वेलचीचे दोन दाणे होते. "एक आत्ता चाव, नाहीतर वहिनीला वास येईल. आणि हा एक विष्णूला ने. वाट बघत असेल पोर."

त्यावर विष्णुपंतांना रडू आवरेना. समोर बसलेल्या विष्णूला आत्याने ओळखलं नव्हतं आणि विष्णूला ती विसरलीही नव्हती. बाबाही दर खेपेला विष्णूच्या पत्राचीच चौकशी करत होते. एवढी वर्षं आपण त्यातला फक्त 'मास्तर' ऐकला, हे त्यांना आत्ता कळलं आणि फार बरं वाटलं.

घरी आले तेव्हा कुंदाताई दारातच होत्या. "आत्या कशा आहेत?"

"बरी आहे," विष्णुपंत जरा तोंड फिरवून म्हणाले.

"वेलची खाल्लीत वाटतं." कुंदाताईंचा स्वर अगदी साधा होता. "सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं. म्हणाल्या, या घरातल्या पुरुषांच्या तोंडाला वेलचीचा वास आला की काही विचारायचं नाही, रात्रीचं जेवण थोडं कमी वाढायचं. गेले कित्येक दिवस तुम्हाला एक पोळी कमी वाढतेय. लक्षात तरी आलं का?"

विष्णुपंतांना चौकशी, अहवाल, खड्डा, जयदेवची चप्पल, सगळं एकदम आठवलं. स्मरणशक्ती अगदी ठणठणीत होती. ते खुर्चीत बसले आणि मग इतके दिवस मनात होतं ते बोलून गेले. "कुंदा, मी खरंच तुला विसरलो तर?"

"विसरा की. मला सगळं आठवतंय, नको तेसुद्धा. दोघांना पुरेल." त्या आत वळल्या. "कुकर काढते आधी माळ्यावरून. आणि शिरा करते आज, साखर बेताची घालीन. ती वेलची आणा इकडे, मुठीत धरलीय ती."

विष्णुपंतांनी मूठ घट्ट मिटली. "ही नाही देणार. ही विष्णूची आहे."

कुंदाताई जागच्या जागी थिजल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्या परत आल्या, नवऱ्यासमोर वाकल्या, आणि जनरल मॅनेजरांनी विचारलेला पण त्यांनी एकदाही न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला. "अहो… मी कोण?"

विष्णुपंतांनी बायकोकडे डोळे भरून बघितलं. "तिसरं कोटेशन," ते म्हणाले. "स्पेसिफिकेशन सगळ्यात बरं."

राजसीला हसू आवरेना. कुंदाताई "मेला तो सुदाम!" म्हणत ताडताड स्वयंपाकघरात गेल्या आणि शिऱ्यासाठी डब्यातली वेलची कुटू लागल्या.